युरोपला बोल्ट, फिटिंग, फोर्जिंग पाठवताना सीबॅमचा हिशेब कसा मांडायचा

युरोपीय संघातल्या बायरकडून ईमेल येतो, सोबत भलीमोठी एक्सेल फाइल असते आणि 'तुमच्या मालाचं कार्बन उत्सर्जन भरून पाठवा' एवढंच लिहिलेलं असतं. चाकण, भोसरी, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या अनेक कारखान्यांत ही फाइल आधी एक्स्पोर्टच्या टेबलावर जाते, मग क्वालिटीच्या, मग सीएच्या, आणि शेवटी वीजबिलावरून काहीतरी आकडा काढून परत जाते. तो आकडा बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण शोध चुकीच्या जागी घेतलेला असतो. लोखंडी मालाचा सीबॅमचा, म्हणजे युरोपच्या सीमेवर लागणाऱ्या कार्बनच्या भाराचा, हिशेब विजेच्या मीटरमध्ये नसतो, गेटमधून आत आलेल्या कच्च्या मालात असतो. हे मनात पक्कं धरलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातात.

नियमामागचं कारण थोडक्यात

युरोपीय संघात पोलाद, सिमेंट, वीज यांच्या मोठ्या कारखान्यांना २००५ पासून उत्सर्जनाचे परवाने लागतात. एक टन कार्बन डायऑक्साइडला एक परवाना. बाहेरच्या स्वस्त मालापुढे टिकता यावं म्हणून पोलाद कारखान्यांना यातले बरेच परवाने आजवर फुकट मिळाले. ते फुकटचे परवाने आता टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. मग बाहेरून येणाऱ्या मालावर तेवढाच भार टाकायचा, म्हणजे उत्पादन उचलून दुसऱ्या देशात नेण्यात फायदा उरणार नाही, हा त्यामागचा विचार. या व्यवस्थेचं नाव कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, बोलण्यात सीबॅम. मूळ कायदा मे २०२३ चा. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात फक्त माहिती द्यायची होती, पैसे नव्हते. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर प्रत्यक्ष देणं लागू झालं.

मुक्त व्यापार करारात आयातशुल्क घटतं म्हणून सीबॅमही जातो, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी आहे. शुल्क आणि सीबॅम ही दोन वेगळी खाती आहेत. शून्य शुल्काच्या मालालाही कार्बनचा हिशेब द्यावाच लागतो.

पहिली पायरी: माल यादीत आहे का ते कोडवरून पाहा

सीबॅममध्ये सहा गट आहेत: सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग निर्यातदाराचा संबंध दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाशी. 'आमचा माल लोखंडाचा आहे' एवढं म्हणून भागत नाही, कस्टमचा कोड पाहावा लागतो.

धडा ७२ मधलं जवळजवळ सगळं पोलाद यादीत आहे. भंगार आणि फेरोसिलिकॉनसारखी काही फेरोअलॉय वगळलेली आहेत. धडा ७३ मधले ७३०१ ते ७३११, ७३१८ आणि ७३२६ हे शीर्षक यादीत आहेत. म्हणजे बोल्ट, नट, स्क्रू, वॉशर (७३१८) आत. पाइप फिटिंग (७३०७) आत. ७३२६ मध्ये जाणारे फोर्जिंग आणि इतर लोखंडी वस्तू आत. ७३२५ चं कास्टिंग मात्र या मूळ यादीत नाही. ८७०८ मधले वाहनांचे सुटे भाग, ८४१३ चे पंप, ८४८१ चे व्हॉल्व्हही नाहीत. अॅल्युमिनियममध्ये ७६०१, ७६०३ ते ७६१४ आणि ७६१६ आत आहेत. भंगार (७६०२) आणि घरगुती भांडी (७६१५) बाहेर.

कोल्हापूरच्या फाउंड्रीसाठी हा फरक मोठा आहे. त्याच भट्टीतून, त्याच लोखंडातून ओतलेली दोन कास्टिंग असतात. एक ७३२५ खाली जातं आणि सीबॅमच्या बाहेर राहतं. दुसरं थ्रेड पाडून पाइप फिटिंग म्हणून ७३०७ खाली जातं आणि आत येतं. म्हणून शिपिंग बिलावरचा आपला कोड आणि बायरने तिकडे आयात करताना टाकलेला आठ अंकी कोड जुळतो का, हे सर्वांत आधी लेखी विचारून घ्या. पहिले सहा अंक दोन्हीकडे सारखे असायला हवेत. ते जुळत नसतील तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. यादी वाढवण्याचे प्रस्ताव युरोपात चालूच असतात, तेव्हा आज बाहेर असलेल्या मालाचा कोडही वर्षातून एकदा तपासावा.

मग वजनाची सूट. एका आयातदाराने एका कॅलेंडर वर्षात लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आणि खतं मिळून ५० टनांपर्यंत माल आणला तर त्याला सीबॅम लागू नाही. ही सूट आयातदाराची आहे, तुमची नाही. तुम्ही वर्षाला फक्त आठ टन स्क्रू पाठवता, पण तुमचा बायर दहा देशांतून हजारो टन आणतो, तर तुमच्या आठ टनांचाही हिशेब लागतो. याउलट एखाद्या छोट्या दुकानदाराला तुम्ही चाळीस टन दिले आणि त्याने दुसरीकडून यातलं काही आणलं नाही, तर त्याला काही लागत नाही. बायरला एका ओळीत विचारा: 'तुम्ही अधिकृत सीबॅम डिक्लरंट (म्हणजे सीबॅमचं विवरण भरायची मान्यता असलेले आयातदार) आहात का, आणि या वर्षी ५० टनांच्या वर जाणार का?'

माल नॉर्वे, आइसलँड, लिकटेनस्टाइन किंवा स्वित्झर्लंडला जात असेल तर हा नियम लागत नाही. ब्रिटनची स्वतःची वेगळी व्यवस्था १ जानेवारी २०२७ पासून येते आहे. बर्मिंगहॅमच्या बायरसाठी वेगळी फाइल उघडावी लागेल.

दुसरी पायरी: कारखान्याची हद्द आखा

एका कागदावर कारखान्याचा साधा नकाशा काढा. कोणता माल कुठून आत येतो, कोणत्या मशीनवर जातो, कुठे इंधन जळतं, काय बाहेर पडतं. बोल्टच्या कारखान्यात वायर रॉड येतो, पिकलिंग-फॉस्फेटिंग होतं, ड्रॉइंग, हेडिंग, थ्रेड रोलिंग, मग हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, पॅकिंग. यात इंधन मुख्यतः हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत आणि बॉयलरमध्ये जळतं.

नकाशावर तीन रंग वापरा. लाल: इथे इंधन जळतं, म्हणजे थेट उत्सर्जन. निळा: इथे वीज लागते, म्हणजे अप्रत्यक्ष उत्सर्जन. हिरवा: हा सीबॅमच्या यादीतला कच्चा माल, म्हणजे पूर्वमाल. लोखंड-पोलाद आणि अॅल्युमिनियमसाठी पैशाच्या हिशेबात फक्त थेट उत्सर्जन धरतात. विजेचं धरत नाहीत. सिमेंट आणि खतांसाठी मात्र विजेचंही धरतात.

यावरून एक कटू पण उपयोगी गोष्ट निघते. शेडच्या छपरावर सोलर बसवलं तर वीजबिल कमी होतं आणि ते करावंच, पण बोल्टवरचा सीबॅम त्याने एका पैशानेही घटत नाही. विकत घेतलेली कार्बन क्रेडिट, हरित विजेची प्रमाणपत्रं, झाडं लावल्याचे अहवाल, यांचाही या हिशेबात उपयोग नाही. सीबॅम कमी करायच्या आशेवर कुणी या गोष्टी विकायला आलं तर थांबा.

डिझेल जनरेटरचं डिझेल थेट उत्सर्जनात धरणं ही नेहमीची चूक. जनरेटर वीज बनवतो, म्हणून ते उत्सर्जन विजेच्या खात्यात जातं. फोर्कलिफ्ट आणि ट्रकचं डिझेलही उत्पादनाच्या हिशेबात येत नाही. म्हणून डिझेलचा साठा-रजिस्टर तीन रकान्यांत लिहा: जनरेटर, वाहनं, भट्टी-बॉयलर. तिसरा रकानाच पुढे न्यायचा.

तिसरी पायरी: आकडे गोळा करा

वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपली सगळी पुस्तकं एप्रिल ते मार्च असतात, म्हणून नोंदी महिनावार ठेवा. म्हणजे हवं तिथून कापता येतं. लागणारे आकडे फार नाहीत: सीबॅम कोडनुसार तयार मालाचं निव्वळ वजन, खाल्लेला पूर्वमाल मिलनुसार, इंधन प्रकारानुसार, बाहेर गेलेलं भंगार, आणि मासिक साठा. निव्वळ वजन म्हणजे लाकडी पॅलेट, कार्टन, प्लास्टिक सोडून. डिस्पॅचचं वजन पॅकिंगसकट धरलं की प्रति टन उत्सर्जन खोटं कमी दिसतं आणि पडताळणीत ते सापडतंच.

वजनकाट्याचा वैधमापनाचा शिक्का चालू असू द्या आणि त्याचं प्रमाणपत्र याच फाइलमध्ये लावा. गॅस मीटरच्या कॅलिब्रेशनची प्रत गॅस कंपनीकडून मागून घ्या.

इंधनासाठी नेहमीचे गुणक असे. पहिला आकडा निव्वळ उष्मांक, प्रति टन गिगाज्यूल. दुसरा उत्सर्जन, प्रति टेराज्यूल टन. नैसर्गिक वायू ४८ आणि ५६.१. डिझेल ४३ आणि ७४.१. एलपीजी ४७.३ आणि ६३.१. फर्नेस ऑइल ४०.४ आणि ७७.४. कोक २८.२ आणि १०७. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की एक टन इंधनाचं उत्सर्जन मिळतं: डिझेलचं ३.१९ टन, कोकचं ३.०२ टन.

पाइपच्या गॅसमध्ये मोठी गफलत होते. बिलावर स्टँडर्ड क्यूबिक मीटर आणि ढोबळ उष्मांक दिलेला असतो, वरचा ५६.१ हा गुणक मात्र निव्वळ उष्मांकासाठी आहे. नैसर्गिक वायूचा निव्वळ उष्मांक ढोबळच्या साधारण ९० टक्के. समजा वर्षाचा वापर ८०,००० क्यूबिक मीटर आणि बिलावर प्रति क्यूबिक मीटर १०,००० किलोकॅलरी आहे. निव्वळ झाले ९,०००. ८०,००० गुणिले ९,००० म्हणजे ७२ कोटी किलोकॅलरी, म्हणजे ३.०१४ टेराज्यूल. त्याला ५६.१ ने गुणलं की १६९ टन. ढोबळ उष्मांक तसाच वापरला असता तर १८८ टन आले असते, म्हणजे विनाकारण १९ टन जास्त.

चौथी पायरी: पूर्वमालाची माहिती मिळवा

सगळा जीव या पायरीत आहे, तेव्हा सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

एक टन वायर रॉडमागे किती उत्सर्जन झालं हे तो कसा बनला यावर ठरतं. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक जाळून बनलेल्या पोलादात टनामागे साधारण दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड असतो. विद्युत भट्टीत भंगार वितळवून बनलेल्यात थेट उत्सर्जन त्याच्या छोट्या अंशाइतकंच असतं, कारण भंगाराचं मागचं उत्सर्जन या हिशेबात शून्य धरतात. पण 'विद्युत भट्टी' हा शब्द ऐकून लगेच निश्चिंत होऊ नका. आपल्या देशात, जालन्यापासून रायपूरपर्यंत, इंडक्शन भट्ट्यांत भंगाराबरोबर स्पंज आयर्न पडतं, आणि ते बहुतांशी कोळशावर बनलेलं असतं. चार्जमध्ये अर्धं स्पंज असेल तर विद्युत भट्टीचं पोलादही जड निघतं. म्हणून मिलला 'कोणती भट्टी' एवढंच न विचारता 'चार्जमध्ये काय काय, किती टक्के' हेही विचारा.

मिलकडून लेखी मागायच्या गोष्टी: कारखान्याचं नाव, पत्ता आणि अक्षांश-रेखांश; उत्पादनाचा मार्ग; कोडनुसार प्रति टन थेट उत्सर्जन; ते कोणत्या वर्षाचं; त्यातलं किती प्रत्यक्ष मोजलेलं आणि किती ठरावीक मूल्यांवरून काढलेलं; मान्यताप्राप्त पडताळणी अहवाल आहे का. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या हरित पोलाद वर्गीकरणाचं तारांकन मिलने दाखवलं तर चांगलंच, पण ते पुरेसं नाही. डिसेंबर २०२४ च्या त्या वर्गीकरणात टनाला २.२ च्या खाली उत्सर्जन असलेल्या पोलादाला तारे मिळतात. ती मोजण्याची हद्द वेगळी आहे, तो आकडा सीबॅमच्या फाइलमध्ये उचलून टाकता येत नाही.

माल थेट मिलकडून न घेता कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर? व्यापाऱ्याच्या बिलावर मिलचं नाव नसतं. इथे मिल टेस्ट सर्टिफिकेट कामाला येतं. त्यावर मिलचं नाव आणि हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक) असतो, कॉइलच्या टॅगवरही तोच हीट नंबर असतो. गेटवर कॉइल उतरवताना टॅगचा फोटो काढा, जीआरएनवर (माल आत आल्याच्या पावतीवर) हीट नंबर लिहा आणि सर्टिफिकेट त्याच नंबरने जोडा. टॅग कापून फेकल्यावर ती कॉइल कुठल्या मिलची हे कोणीही सिद्ध करू शकत नाही, आणि मग तिच्यावर ठरावीक मूल्य बसतं.

ठरावीक मूल्यं, म्हणजे डिफॉल्ट, युरोपीय आयोगाने देशानुसार आणि कोडनुसार जाहीर केली आहेत. त्यांवर मुद्दाम वाढ ठेवली आहे: २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० टक्के, २०२८ पासून ३० टक्के. खतांसाठी ती फक्त १ टक्का. माहिती न देणं दर वर्षी महाग होत जावं, हाच हेतू.

फाउंड्रीसाठी यातले काही बारकावे. यादीतली फिटिंग ओतणाऱ्याचा पूर्वमाल म्हणजे पिग आयर्न, आणि मिश्रधातूत फेरोमँगनीज, फेरोक्रोम, फेरोनिकेल. फेरोसिलिकॉन पूर्वमाल धरत नाहीत. बाहेरून घेतलेलं भंगार शून्य. कपोला असेल तर कोक, इंडक्शन असेल तर कार्बन वाढवायला टाकलेला सीपीसी (भाजलेला पेट्रोलियम कोक), शिवाय चुनखडी, यांचा कार्बन मोजायचा. रनर-रायझर आणि रिजेक्शनचा जो रिटर्न माल पुन्हा भट्टीत जातो तो 'भंगार आलं' म्हणून आवकेत लिहू नका आणि 'भंगार गेलं' म्हणून जावकेतही लिहू नका. तो आतल्या आत फिरतो. चार्ज शीटवरून सरळ बेरीज केली की हमखास इथे घोळ होतो: भट्टीत १०० टन पडले दिसतात, त्यातले ३५ टन स्वतःचाच रिटर्न असतात.

पाचवी पायरी: प्रति टन आकडा काढा

बोल्टचं एक कल्पित उदाहरण घेऊ. वर्षाला १,००० टन बोल्ट बनले. त्यासाठी १,०८० टन वायर रॉड लागला, ८० टन भंगार निघून विकलं गेलं. वायर रॉड ब्लास्ट फर्नेसच्या मिलचा, प्रति टन २.४०.

पूर्वमालाचं उत्सर्जन १,०८० गुणिले २.४०, म्हणजे २,५९२ टन. ते सगळं १,००० टन बोल्टवर पडतं. विकलेल्या ८० टन भंगाराच्या वाट्याला काही जात नाही. म्हणजे प्रति टन बोल्ट २.५९२. स्वतःच्या भट्टीच्या गॅसचे १६९ टन, म्हणजे प्रति टन ०.१६९. एकूण २.७६१. तुमच्या कारखान्यात जळालेला गॅस या एकूणाच्या जेमतेम सहा टक्के आहे, बाकी ९४ टक्के बाहेरून आलं. ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेत अशाच कारणाने काही लोखंडी आणि अॅल्युमिनियम वस्तूंच्या फिनिशिंगचं उत्सर्जन हिशेबाबाहेर काढलं. तुमच्या कोडला ते लागू असेल तर ०.१६९ गळतं आणि २.५९२ उरतं. तरी गॅसच्या नोंदी सोडू नका, बायर दोन्ही मागतो.

आता यातलाच काही वायर रॉड बदला. ७०० टन त्याच मिलचा, ३८० टन भंगारावर चालणाऱ्या विद्युत भट्टीचा, प्रति टन ०.६०. बेरीज १,६८० अधिक २२८, म्हणजे १,९०८ टन. प्रति टन १.९०८. खरेदी विभागाने एका पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) जे केलं ते शॉप फ्लोअरवर पाच वर्षांतही जमलं नसतं. 'चांगला वायर रॉड युरोपच्या ऑर्डरला, दुसरा देशी ऑर्डरला' असं फक्त कागदावर वाटून चालत नाही. वेगळी रांग, वेगळे बॅच, वेगळ्या नोंदी नसतील तर वर्षभराची सरासरीच धरली जाते.

वाया जाणारा मालही बघा. १,०८० चे १,०५० टन झाले तर ७२ टन कार्बन वाचतो. फोर्जिंगमध्ये तर फ्लॅश, म्हणजे डायच्या कडेने बाहेर येणारा जादा धातू, बराच निघतो, तिथे डाय सुधारून मिळणारा फायदा याहून मोठा.

सहावी पायरी: पैसे किती लागतील ते पाहा

'२०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचं आहे' हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते अर्धवट आहे आणि त्यावर विसंबून भाव दिला तर मार बसतो. अडीच टक्के ही फुकट परवान्यांतली कपात आहे. युरोपातल्या कारखान्याला त्याच्या सगळ्या उत्सर्जनाएवढे परवाने फुकट मिळत नाहीत. एका बेंचमार्कपर्यंतच, म्हणजे त्या मालासाठी ठरवून दिलेल्या प्रति टन उत्सर्जनापर्यंतच मिळतात. तुमच्या मालाला वजावट मिळते ती त्या बेंचमार्कच्या ९७.५ टक्क्यांची. बेंचमार्कच्या वरचं सगळं उत्सर्जन पहिल्या वर्षापासून पूर्ण भरावं लागतं.

वरच्याच बोल्टला बेंचमार्क १.४ आहे आणि सीबॅम प्रमाणपत्राचा (एक टन उत्सर्जनामागे एक घ्यावं लागतं) भाव ८० युरो आहे असं धरू. दोन्ही आकडे फक्त रीत कळावी म्हणून. २०२६ मध्ये वजावट १.३६५. २.५९२ मधून ती गेली की १.२२७ उरतात, म्हणजे टनाला साधारण ९८ युरो. फुकट परवान्यांची कपात २०२७ मध्ये ५ टक्के, २०२८ मध्ये १०, २०२९ मध्ये २२.५, २०३० मध्ये ४८.५, आणि २०३४ मध्ये १००. त्यामुळे तोच बोल्ट २०३० मध्ये टनाला जवळपास १५० युरो आणि २०३४ मध्ये २०७ युरोंवर जातो. बेंचमार्क उत्पादनाच्या मार्गानुसार वेगवेगळे आहेत, तेव्हा भंगाराच्या पोलादाला हाच १.४ लावू नका. आपल्या कोडचा आणि मार्गाचा आकडा बायरकडून मागा.

प्रमाणपत्रं आयातदार विकत घेतो, निर्यातदार नाही. २०२६ च्या आयातीसाठी विक्री १ फेब्रुवारी २०२७ पासून, आणि त्या वर्षाचं विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. २०२६ साठी भाव तिमाही सरासरीवर, २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीवर. म्हणजे आज कोटेशन देताना अंतिम रक्कम कोणालाच पक्की माहीत नसते. म्हणून कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन वाक्यं हवीत: सीबॅमचा भार कोणाचा, तो आमच्या पडताळलेल्या आकड्यावर काढला जाईल, डिफॉल्टवर नाही, आणि मालाच्या भावातून आगाऊ कापलेली रक्कम विवरणानंतर प्रत्यक्ष खर्चाशी जुळवून फरक परत मिळेल. तिसरं वाक्य नसेल तर बायर डिफॉल्टच्या हिशेबाने कापतो, आणि तुमच्या चांगल्या आकड्याचा फायदा त्याच्याकडेच राहतो.

भारतात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली असेल तर ती वजा करण्याची तरतूद आहे. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्याखाली तुमच्या मिलने खरोखर रक्कम भरली असेल, तर त्याचा पुरावा पूर्वमालाच्या कागदांसोबत मागा.

सातवी पायरी: फाइल भरणं, नोंदणी, पडताळणी

आयोगाच्या एक्सेल टेम्प्लेटमध्ये बरीच पानं आहेत, पण क्रम पाळला तर गोंधळ होत नाही. आधी कारखान्याची माहिती, मग इंधनांचं पान, मग प्रक्रियांचं, मग विकत घेतलेल्या पूर्वमालाचं. सारांशाची पानं आपोआप भरतात, त्यात हात घालू नका. सारांशात प्रति टन आकडा ०.१७ च्या आसपास दिसला तर समजा, पूर्वमालाचं पान प्रक्रियेला जोडायचं राहिलं. २,५०० सारखं काही दिसलं तर कुठेतरी टनाऐवजी किलो गेले. बायरला फक्त सारांश देता येतो. पुरवठादारांची नावं आणि वापराचं प्रमाण सगळं उघडं करण्याची गरज नाही. त्याहून बरा मार्ग म्हणजे सीबॅम रजिस्ट्रीत स्वतःच्या कारखान्याची नोंदणी करणं. ती पाच वर्षं चालते, आणि एकदा चढवलेली पडताळलेली माहिती तुम्ही निवडाल त्या आयातदारांनाच दिसते. पाच बायर असतील तर पाचदा तेच भरण्याचा त्रास वाचतो.

२०२६ पासून प्रत्यक्ष आकडा वापरायचा तर मान्यताप्राप्त पडताळणीकर्त्याचा अहवाल लागतो, आणि पहिल्या वर्षी तो कारखान्यात येऊन पाहतो. तो बिलं, मीटर, काटा, साठा, हीट नंबरचा माग हे सगळं उलटसुलट तपासतो: एखादी डिस्पॅच घेऊन मागे कॉइलपर्यंत, आणि एखादी कॉइल घेऊन पुढे डिस्पॅचपर्यंत. हा माग आधीच घरच्या घरी तीन-चार वेळा काढून बघा. पडताळणीनंतर कागद किमान चार वर्षं जपा.

पडताळणी प्रत्येकाला परवडेलच असं नाही, आणि हे बायरशी स्पष्ट बोलावं. डिफॉल्ट आणि तुमचा आकडा यांतला फरक, गुणिले युरोपला जाणारे टन, गुणिले प्रमाणपत्राचा भाव. ही रक्कम पडताळणीच्या फीपेक्षा कमी असेल तर त्या वर्षी डिफॉल्टच चालू द्या. वर्षाला २० टन पाठवणाऱ्याला टनामागे अर्ध्या टन उत्सर्जनाचा फरक असला तरी ८० युरोंच्या भावाने ८०० युरोच वाचतात. ५०० टनवाल्याचे २०,००० वाचतात.

वर्षअखेरचं एक काम लोक हमखास विसरतात. आपल्याकडे प्रत्यक्ष साठामोजणी ३१ मार्चला होते. सीबॅमला ती ३१ डिसेंबरच्या रात्री लागते. वायर रॉडच्या प्रत्येक कॉइलचा टॅग, हीट नंबर, मिल आणि उरलेलं वजन; मशीनवर चढलेल्या अर्धवट कॉइलसुद्धा काढून काट्यावर ठेवायच्या; प्रक्रियेत अडकलेला माल बिनमधून मोजायचा; गॅस मीटर आणि डिझेल टाकीचं वाचन वेळ टाकून फोटोत घ्यायचं. दोन माणसं, एक काटा, एक रात्र. हे राहिलं तर वर्षाचा वापर खरेदीच्या बिलांवरून अंदाजाने काढावा लागतो, आणि पडताळणीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो.